फक्त बसले होते

प्रिय धाकटे,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट न फोडता कचऱ्यात टाकावं असं मनात आलं असेल तर तो तुझा हक्क आहे, पण फोडलंच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच. सहा वर्षांत माझी एक ओळ नाही आणि आज हे एवढं जाडजूड पत्र, म्हणजे दादाला काहीतरी हवं असणार, असं तुला वाटेल. बरोबर वाटेल. हवंच आहे. पण ते मी शेवटी लिहिणार. आधी लिहून टाकलं तर मधलं सगळं लिहायचं टाळता येईल, आणि टाळाटाळ मी सहा वर्षं पोटभर केली आहे.

आमचं चाललंय. माझे गुडघे कुरकुरतात, पण दुकान अजून उघडतो, दुपारपर्यंत बसतो. वर्षाला चार-पाच पियानो येतात, तेही कोणाच्या तरी आजीचे. आजी गेलेली असते आणि नातवंडांना पियानो विकायचा असतो, म्हणून सूर लावून हवे असतात. बाकी येतात ती वायरवाली यंत्रं. त्यांचे सूर म्हणे कधी उतरतच नाहीत. ज्याचा सूर उतरत नाही त्याच्याशी माझं काय काम? तुझी वहिनी हिंडती-फिरती आहे. स्वयंपाक, झाडांना पाणी, पेपर, सगळं तीच करते. बोलत नाही. म्हणजे बोलते, पण मोजून. चार शब्द झाले की दम संपतो, आणि जे चार निघतात तेही गंजलेल्या बिजागरीसारखे, घासत घासत. जिना चढून आली की आधी तिच्या श्वासाचा आवाज घरात येतो, मग ती. फोन ती घेत नाही. एकदा घेतला होता, तर पलीकडचा म्हणाला, "आजोबा, घरात कोणी बाईमाणूस असेल तर द्या ना जरा." तिने फोन ठेवला तो ठेवलाच. तुझं नाव आमच्या घरात निघत नाही. निघालंच तर "ती" म्हणून, आणि म्हणताना ही मान दुसरीकडे वळवते.

मागच्या रविवारी पेपरात तुझ्यावर अर्धं पान आलं. गेलेला आवाज परत आणणारी आपल्याकडची पहिली सर्जन, असं काहीसं मोठ्या अक्षरात. फोटोत चष्मा डोक्यावर चढवून बसली आहेस. केस पार पांढरे झाले की गं. या महिनाअखेरीला तू निवृत्त होणार, हे मला त्या लेखातून कळलं. पेपर टाकणाऱ्याला माझ्या आधी कळलं असेल. लेख लिहिणाऱ्या मुलीने मेहनत घेतली आहे, चूक काढायला जागा नाही. "वडील लवकर गेले, मोठ्या भावाच्या आधारावर शिकल्या." एवढ्या एका ओळीत मी उरकलो. आधार! वेलीला काठी लावतात तसा. काठीला कोणी काही विचारायची पद्धत नसते.

लेखात नाही ते मला आठवतं. घशाच्या खात्यात तू गेलीस तेव्हा घशाचा डॉक्टर म्हणजे गाठ कापणारा, एवढंच लोकांना ठाऊक होतं. तुझे मोठे साहेब म्हणायचे, "गाठ काढा, जीव वाचवा, घरी पाठवा. माणूस जिवंत आहे ना? मग आवाजाचं काय घेऊन बसलात?" आणि तू भर वॉर्डात त्यांना म्हणालीस, "सर, उद्या तुमचा आवाज गेला तर हे तुम्ही कोणाला सुनावणार?" दोन वर्षं तुला तळमजल्यावर मुलांचे टॉन्सिल काढत बसवलं त्यांनी. त्या दोन वर्षांत तू खाटकाकडून बकऱ्यांचे घसे फडक्यात गुंडाळून माझ्या दुकानात आणायचीस आणि माझ्याच टेबलावर त्यांना खिडक्या पाडत बसायचीस. गिऱ्हाईक आलं की मी वरून कापड टाकायचो. एकदा एक बाई व्हायोलिन घेऊन आली आणि नेमकं कापड सरकलं. व्हायोलिन तिथेच टाकून बाई जी पळाली ती चार दिवसांनी नवऱ्याला बरोबर घेऊन आली. किती हसलो होतो आपण. आणि ती घशात बसवायची इवलीशी पाचर, जिचे फोटो तू नंतर देशोदेशीच्या परिषदांत दाखवलेस, ती तासायला तुला कोणी शिकवलं? पियानोच्या हातोडीवरचं लोकरीचं कापड तासतात तसं कर, कापू नकोस, खरवड, केसाएवढं काढ आणि पुन्हा लावून बघ, हे कोण म्हणालं होतं? असो. लेखात जागा कमी असते.

मग पहिलं ऑपरेशन झालं. भाजीवाली होती ती, आवाज गेल्यामुळे धंदा बसलेली. तू मला आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतंस, ते आजही शब्दन् शब्द पाठ आहे. घशात दोन पडदे असतात, बोलताना ते एकमेकांना भिडतात आणि आवाज निघतो. एकाची नस गेली की तो लुळा पडतो, दुसरा एकटाच हात मारत राहतो, आणि माणूस नुसती हवा सोडतो. बाहेरून खिडकी पाडायची, पाचर सरकवायची, लुळ्या पडद्याला मध्यावर ढकलायचं. रोगी जागा हवा, कारण तो बोलत राहिला तरच कळणार किती ढकलायचं ते. सगळं झकास. पण तू चार तास ढकलत आणि मागे घेत बसलीस आणि तुला कळेचना, कुठे थांबायचं. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन माझ्या स्टुलावर बसलीस आणि रडलीस. म्हणालीस, "दादा, माझे हात आहेत, कान नाहीत रे. मला सगळे आवाज सारखेच वाटतात." लहानपणी तुला गाणं शिकवायचा प्रयत्न मी केलाच होता, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. मी म्हणालो, मग मी येतो.

असा मी आलो. हिरवी टोपी, हिरवा झगा, तोंडाला फडकं, आणि रोग्याच्या उशाशी लोखंडी स्टूल. रोगी एक ते दहा आकडे म्हणायचा, तू पाचर सरकवायचीस, मी म्हणायचो, "अजून... अजून... बास." दोनच शब्द, पण तिथल्या नर्सेसनी माझं नाव बासदादा पाडलं. भूल देणारे डॉक्टर म्हणायचे, "बासदादा आले का? मग चला, सुई भरतो." बावीस वर्षं, धाकटे. चारशे अकरा माणसं. मी शाळा अर्धी टाकलेला माणूस, सूर लावायलाही आपला आपणच शिकलो, आणि पांढरे कोट घातलेली मंडळी माझ्या एका शब्दासाठी हात धरून थांबायची.

आणि मी काही वाऱ्यावर "बास" म्हणत नव्हतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भेटायच्या वेळेला वॉर्डात जाऊन मी कोपऱ्यात बसायचो. रोग्याचा आवाज तर गेलेलाच असायचा, पण त्याला भेटायला भाऊ यायचा, बहीण यायची, मुलगा यायचा. त्यांचं बोलणं मी ऐकायचो. एका घरातले गळे एकाच सुताराने केल्यासारखे असतात. तीन भावंडं ऐकली की चौथ्याचा आवाज कुठे बसत असेल ते मला समजायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. तुझ्याही नाही. तुझ्या पहिल्या मोठ्या निबंधात मी होतो खरा, नाव न घेता, "प्रशिक्षित श्रोता" म्हणून. इंग्रजी शब्दाचा अर्थ मी डिक्शनरीत शोधला होता. हसू आलं. मला प्रशिक्षण दिलं कोणी? तुला विचारलं, तर तू म्हणालीस, "दादा, तिथे असंच लिहितात. वाद्यं दुरुस्त करणारा भाऊ असं लिहिलं तर कोणी छापणार नाही." मी म्हटलं, असेल बाई तसं. म्हटलं खरं, पण तो शब्द दाताच्या फटीत अडकला तो अजून निघाला नाही. नंतर तुझी शाल, तुझी पदकं, तुझे परदेशी पाहुणे. पाहुणे माझ्याशीही हात मिळवायचे. तू सांगायचीस, हे माझे मदतनीस.

आता वहिनीचं. तुला ठाऊक असलेलं पुन्हा लिहितो आहे, पण लिहू दे. मी हिला पाहायच्या आधी ऐकलं होतं. गावी जायला बस स्टँडवर उभा होतो आणि कर्ण्यातून तिचा आवाज आला, फलाट क्रमांक चारवरची गाडी पाच मिनिटांत सुटेल. तेवीस वर्षांची असेल तेव्हा. ताणलेली तार टिचकीने वाजवावी तसा आवाज, कुठेही धूळ नाही. माझी गाडी त्याच फलाटावरची होती. ती सुटली आणि मी कर्ण्याखाली उभा. तीस वर्षं ती त्या खोलीतून गाड्या सोडत राहिली. मग तिच्या मानेत गाठ आली, दुसऱ्या दवाखान्यात ती काढली, काढताना नस दुखावली आणि आवाज गेला. तेव्हा ती हसून कागदावर लिहायची, "घरातच कारखाना आहे, मला काय काळजी?" कारखाना म्हणजे तू आणि मी. तुझ्या टेबलावर ती स्वतःच्या पायांनी चालत जाऊन झोपली.

ऑपरेशन झालं, सूज आली. तू म्हणालीस, सूज उतरली की आवाज मोकळा होईल. सूज उतरली, आवाज काही मोकळा झाला नाही. पाचर जास्त झाली होती. पडदे इतके घट्ट दाबले गेले होते की बोलताना हवा निघायची मारामार. तू पुन्हा उघडू म्हणालीस. ही मानेवर हात ठेवून नाही म्हणाली. आणि घरात, शेजारीपाजारी, सगळ्यांना कळलं की नणंदेने वहिनीचा गळा बिघडवला, हात जास्त चालला तिचा, मोठेपणा डोक्यात गेला होता. हे कोणी सांगितलं असं विचारशील. मी सांगितलं असं नाही. कोणी तसं म्हणालं की मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचो.

मग दवाखान्याने चौकशी लावली. तुझ्यावर दात धरून बसलेले कमी नव्हते. लांबट खोली, टेबलाभोवती पाच जण, पाण्याच्या बाटल्या, मला भिंतीकडची खुर्ची. मला विचारायला बोलावलं होतं. मी घरून निघतानाच मनाशी ठरवून आलो होतो, काय बोलायचं ते. पण आधी तुला विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर, तुमचे बंधू आत असायचे म्हणे. त्यांच्या सांगण्यावरून तुम्ही थांबायचात?" आणि तू, त्यांच्याकडे सरळ बघत, म्हणालीस, "नाही. निर्णय माझा एकटीचा होता. दादा तिथे फक्त बसले होते." पाचही जणांनी ते लिहून घेतलं. मला कोणी काही विचारलंच नाही. फक्त बसलेल्या माणसाला काय विचारणार? तू त्या दिवसापासून ते ऑपरेशन करायचं सोडलंस. मी जिना उतरलो, तू मागून "दादा" म्हणून हाक मारलीस, मी थांबलो नाही.

सहा वर्षं मी ते वाक्य चघळतो आहे. एका बाजूने चघळलं तर ते गोड लागतं. तू मला पाठीशी घातलंस, पोलीस, कोर्ट, काय काय होऊ शकलं असतं, डॉक्टर नसलेला माणूस आत बसून हुकूम सोडतो म्हणून. दुसऱ्या बाजूने चघळलं की जीभ सोलते. माझी बावीस वर्षं तू एका वाक्यात पुसलीस. चारशे अकरा "बास" हवेत गेले. आणि खरं विचारू? मला वाचवलंस, की त्या चारशे अकरा ऑपरेशनांना? घशाचा सूर कोण लावत होतं हे त्या टेबलावर उघड झालं असतं, तर तुझं पदक कुठल्या खिळ्याला टांगलं असतं? हे मी तुला तोंडावर विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण विचारायला लागलो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं. ते आता बोलतो.

त्या दिवशी तिसऱ्या पाचरीला हिचा आवाज आला होता. तुला आठवतं, मला माहीत आहे आठवतं. चौपन्न वर्षांच्या बाईचा आवाज, जरा जाड, कडेला किंचित खरखर, गाठ व्हायच्या आधी रोज घरात वाजायचा तोच. तू थांबलीस. माझ्याकडे बघितलंस. मी "अजून" म्हणालो. तू चौथी लावलीस. आवाज चढला, आणि हिला इतका आनंद झाला की आकडे सोडून ती बस स्टँडवरचं बोलायला लागली. फलाट क्रमांक चारवरची गाडी. नर्स हसल्या. आणि मला, धाकटे, त्या आवाजाच्या तळाशी ती तेवीस वर्षांची मुलगी ऐकू आली. अगदी जवळ. केसभर पलीकडे. मी पुन्हा "अजून" म्हणालो. तू म्हणालीस, "दादा, पुरे वाटतंय मला." तुला, कान नसलेल्या तुला, कळलं होतं! आणि मी सगळ्यांच्या देखत तुला म्हणालो, "तुला कळतं का त्यातलं? मी सांगतो तेवढं कर." तू केलंस. बावीस वर्षांची सवय होती तुला माझं ऐकायची. हिच्या वेळी मी आदल्या दिवशी वॉर्डातही गेलो नव्हतो. हिची बहीण भेटायला आली होती, तिचं बोलणं ऐकायला बसलो नाही. मला कशाला बसायला हवं? बायकोचा आवाज मला पाठ होता. पाठ होता, पण तीस वर्षांपूर्वीचा. माझ्या दुकानात कोणी जुना पियानो आणून म्हणालं असतं, की नवा होता तेव्हा जितकी तार ताणलेली होती तितकी ताण, तर मी त्याला हाकलून दिलं असतं. जुनी चौकट तेवढा ताण सोसत नाही, हे मी पोरासोरांना सांगत आलो. आणि घरच्या माणसाची चौकट मोडून ठेवली.

हे एवढ्यावर संपलं असतं तरी मी स्वतःला कसंबसं पदरात घेतलं असतं. पुढचं वाईट आहे. दुसऱ्या वर्षी ही एका नव्या डॉक्टरकडे जायला तयार झाली होती. तो तरुण म्हणाला, "पाचर काढून दुसरी बसवता येईल, पण आधीचे कागद मागवून घेऊ, त्या दिवशी आत कोण काय म्हणालं ते बघू." कागदांत काही नव्हतं, पण कागद नर्सेसकडून येणार, आणि नर्सेसना कान होते. घरी येताना मी हिला म्हणालो, "पुन्हा गळा फाडायचा? आहे तेही गेलं तर? नकोच ते." तिने हळूच होकाराची मान हलवली. पुढची चार वर्षं ती चार-चार शब्दांत जगली, कारण मला माझी अब्रू तिच्या आवाजापेक्षा प्यारी होती. रोज सकाळी चहा देताना ती "घ्या" म्हणायची, तो एक शब्द घासून निघायचा, आणि मी कप तोंडाला लावून मनात तुला शिव्या घालायचो. तुला, धाकटे. सोपं होतं ते.

तर त्या रविवारी पेपर हिने आधी वाचला. लेखाच्या तळाशी तुझे शब्द होते, की एक ऑपरेशन माझ्या हातून चुकलं, ती माझ्या घरची बाई होती, त्यानंतर मी पुन्हा ते शस्त्र धरलं नाही. हिने ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता म्हणेल, कबूल तरी केलं. ती पेपरची घडी घालून माझ्यासमोर बसली आणि श्वास घेत, तुकड्या-तुकड्याने म्हणाली, "अहो, चारशे जणांच्या वेळी तुम्ही तिला थांबवलंत. माझ्या वेळी... तुम्ही का नाही थांबवलंत?" सहा वर्षांत हा प्रश्न तिने विचारला नव्हता. पडला असेल, विचारला नव्हता. मी चष्मा काढून पुसायला लागलो. पुसून पुसून किती पुसणार? मग सांगितलं. सगळं, जे तुला वर लिहिलं ते, त्या तरुण डॉक्टरच्या कागदांसकट. ती ओरडली नाही. ओरडण्याएवढा आवाज मी तिला ठेवलेलाच नाही. ती उठून झाडांना पाणी घालायला गेली आणि एकाच कुंडीत सगळं पाणी ओतून आली. तीन दिवस ती चारही शब्द बोलली नाही. चहा ठेवायची, "घ्या" म्हणायची नाही. माझ्या एवढ्या आयुष्यात मी इतकं काही ऐकलं नसेल जितकं त्या तीन दिवसांत ऐकलं.

चौकशी समितीला मी काल वेगळं पत्र टाकलं आहे, नक्कल सोबत जोडली आहे. तू रागावशील. आता कशाला, म्हणशील, महिनाअखेरीला मी जाणारच आहे. पण ती चूक माझी आहे आणि ती मला परत हवी आहे. तू ती सहा वर्षं स्वतःच्या अंगावर वागवलीस, त्यासाठी मी तुझे पाय धरायला हवेत, आणि माझ्याकडून न विचारता घेतलीस, त्यासाठी तुझ्याशी भांडायलाही हवं. दोन्ही करीन, समोर आलीस की. त्यांना जे काय करायचं ते करू देत. निदान कुठेतरी लिहिलेलं राहू दे की तिथे बसलेला माणूस बोलला होता, आणि चुकीचं बोलला होता.

आता हवं आहे ते. चौथ्या दिवशी ही दुकानात आली. ती कधी येत नाही दुकानात. माझ्या टेबलाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तिला लिहा. तिनेच उघडायचं. महिना संपायच्या आत." मी म्हणालो, तिने सोडलंय ते काम, हात धजेल का तिचा? तर म्हणाली, "माझा गळा धजतोय, तिच्या हाताला काय झालंय?" मग दम खाऊन पुढची अट सांगितली, की तुम्ही आत यायचं नाही. मी विचारलं, मग ऐकणार कोण? कुठे थांबायचं ते तिला सांगणार कोण? त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की ते मी उरलेल्या आयुष्यात विसरणार नाही. "मी," ती म्हणाली. "जागीच असते ना मी? माझा गळा, माझे कान." धाकटे, आपण दोघं बावीस वर्षं जागं माणूस टेबलावर ठेवत होतो, त्याला एक ते दहा म्हणायला लावत होतो, आणि हा आवाज तुमचा आहे का हो, असं चारशे अकरांतल्या एकालाही विचारलं नाही. तुला सुचलं नाही, मला सुचलं नाही. सुचलं ते हिला, आणि तेही आपण तिचं वाटोळं केल्यावर. म्हणून हे पत्र. तारीख तू ठरव आणि तिलाच कळव, मला नको. नातेवाइकाची सही लागते त्या कागदावर मी सही करून ठेवली आहे, तो ती बरोबर आणेल. मी येईन, पण बाहेरच्या बाकावर बसेन. ते दार जाड आहे, आतलं बाहेर काही ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे. ते नीट लावून घे.

तुझाच,
दादा